सर्जेरावांचा गुडघा

जांभूळमुऱ्यात सर्जेराव शेलारांच्या गुडघ्याला जेवढा मान होता, तेवढा खुद्द सरपंचबाईंनाही नव्हता. लग्न असो, ग्रामसभा असो, बाराव्याचं जेवण असो, सगळं गाव सतरंजीवर मांडी घालून बसे आणि सर्जेरावांसाठी निळी प्लॅस्टिकची खुर्ची येई. ते खुर्चीत टेकत, उजवा पाय सावकाश लांब करत, डोळे मिटत आणि "आई, आई, आई" असं वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणत. त्या सुरात असं काही होतं की भटजीसुद्धा मंगलाष्टक मध्येच थांबवून विचारत, "आज जास्त आहे का हो?"

"हाय तसं हाय," सर्जेराव म्हणत. "तुमचं चालू द्या."

गुडघ्याचा इतिहास गावाला पाठ होता. तरुणपणी सर्जेराव वाशीच्या बाजारात माथाडी होते, पोती वाहायचे. एकदा गणपतीला गावी आले, लाँचमधून उतरताना फळीवरून पाय घसरला, गुडघ्यावर आपटले, ते पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. त्यानंतर त्यांची लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिची पोरं शाळेत जायला लागली. गुडघा मात्र काल आपटल्यासारखा ताजा होता. त्याला चढ चालत नसे, उतार चालत नसे, नांगर, विळा, पाण्याची कळशी तर अजिबात चालत नसे. पाऊस कधी येणार ते त्याला दोन दिवस आधी समजे. चुकलं तर सर्जेराव म्हणत, "आला आसंल की, पलीकडच्या खोऱ्यात."

त्यांच्या बायकोचं, मालनबाईंचं, बरोबर उलटं. त्यांना काही म्हणजे काही होत नसे. पहाटे गोठा, मग झऱ्याचं पाणी, मग नाचणीचं शेत, मग सरपण. कुणी विचारलं, "काय मालन, बरी हायस ना?" तर एकच उत्तर, "मला काय हुतंय?" गावात लोक उदाहरण देत: तब्येत असावी तर मालनची, आणि भोग असावा तर सर्जेरावांचा.

जांभूळमुरा कोयनेच्या जलाशयापलीकडे, डोंगराच्या अंगावर. रस्ता अजूनही आलेला नव्हता. यायचं-जायचं ते लाँचने. कर्ते पुरुष सगळे मुंबईला. डॉक्टर इथे राहायला येत नसे, म्हणून सरकारने उपकेंद्रात पडदा बसवला होता आणि पडद्यावर सातारचा डॉक्टर दिसे. कॅमेऱ्यातून त्याला जीभ दिसे, छातीचे ठोके ऐकू जात, बोटातल्या रक्ताचा थेंब यंत्रावर ठेवला की सगळे आकडे त्याच्यापुढे उमटत.

एका गोष्टीला मात्र इलाज नव्हता, ते म्हणजे दुखणं. दुखणं कॅमेऱ्यात दिसत नाही, ते पेशंटने सांगावं लागतं. आणि जांभूळमुऱ्याच्या बायका सांगत, "रग लागलीया", "सणक मारती", "चावतंय आतून", "नुसती उसण भरलीया". डॉक्टर बिचारा या सगळ्याला एकच शब्द लिही: पेन. मग विचारी, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

सर्जेराव सांगत, "बारा."

एक्स-रेमध्ये त्यांच्या गुडघ्यात कधी काही दिसलं नाही. "फोटूत यीत न्हाई ते," ते समजावून सांगत. "लई आतलं हाय."

त्या उन्हाळ्यात लाँचमधून एक पेटी आली. सरकारी कागदावर तिचं नाव वेदनावाहक होतं. गावाने तिला पहिल्याच दिवशी कळपेटी करून टाकलं.

उपकेंद्राची आरोग्य अधिकारी तनुजा सपकाळ, वय असेल पंचविशीचं, हिने सगळ्या बायकांना ओसरीवर बसवून ते यंत्र समजावलं होतं. पायात काटा मोडला की तिथल्या मज्जातंतूतून विजेची एक बारीक लहर निघते आणि पाठीच्या कण्यात शिरते. पायाची लहर खालच्या मणक्यांत, हाताची वरच्या, पोटाची मधल्या. तिथून ती मेंदूत गेली की आपण "आई गं" म्हणतो. जिथून वीज वाहते तिथे थोडं चुंबकत्वही तयार होतं, पण ते इतकं क्षीण की ते मोजायला पूर्वी खोलीएवढी यंत्रं लागत. आता हुलग्याच्या दाण्याएवढे संवेदक निघाले होते. ते पाठीवर बांधायच्या पट्ट्यात ओळीने शिवलेले असत. कुठल्या मणक्यात कसली लहर शिरतेय ते पट्टा टिपे. हजारो पेशंटांवर शिकून तयार झालेला संगणक त्यातून दुखण्याच्या लहरी निवडून काढी. पलीकडे डॉक्टरच्या अंगात एक जाकीट असे. ते त्याच मणक्यांतल्या त्याच तंतूंना हलका करंट देई. पेशंटचं जिथे आणि जसं दुखतंय, तिथेच आणि तसंच डॉक्टरचं दुखे.

"तेवढंच दुखतं?" सरपंचबाई वनिता कदम यांनी विचारलं होतं.

"नाही, दहावा हिस्सा. त्याहून जास्त द्यायला कायद्याने बंदी आहे. डॉक्टर टिकले पाहिजेत ना."

सातारला जाकीट घालून बसत ते डॉक्टर निहाल मुजावर. तिशीचा, सडसडीत, हसरा माणूस. पहिल्या आठवड्यात तो हसरेपणा जरा कमी झाला. अख्ख्या जांभूळमुऱ्याच्या कंबरा दुपारपर्यंत त्यांच्या अंगातून जाऊन येत. बायकांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा काही सांगावं लागत नव्हतं. "मावशी, उजव्या टाचेत काटा टोचल्यासारखं, सकाळी उठल्यावर जास्त, हो ना?" डॉक्टर विचारत, आणि मावशी तोंडाला पदर लावून म्हणे, "आगं बया, याला कसं कळलं!"

पुरुषांची गोष्ट वेगळी झाली. बाबू विचारे मुंबईहून आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. सुट्टी वाढवायला त्याला पोटदुखीचं सर्टिफिकेट हवं होतं. त्याने पट्टा बांधला आणि तो विव्हळायला लागला. पडद्यावर डॉक्टरांनी जरा वेळ डोळे मिटले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाबूराव, मला तर नुसती भूक लागलीय."

ओसरीवरचं हसू ऐकून गावातली कुत्री भुंकायला लागली. ही बातमी सर्जेरावांपर्यंत पोचली तेव्हा ते खुर्चीत बसून बिडी ओढत होते. ती तशीच विझली.

*

त्यानंतर सर्जेरावांना उपकेंद्रात न जाण्याची कारणं रोज नवी सुचू लागली. आज अमावस्या आहे. आज यंत्र तापलं असेल. विजेच्या वस्तूचं आणि आपल्या गुडघ्याचं जमत नाही.

"आवं, पर तुमच्यासाठीच तर आलंय त्ये," मालनबाई म्हणाल्या. "एवढी वरसं म्हणताय, कुनाला समजत न्हाई. आता समजंल."

"समजून काय करायचंय? भोग हाय."

"इलाज हुईल."

सर्जेरावांनी बायकोच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथे काळजीशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांना जास्तच भीती वाटली.

शेवटी सरपंचबाई स्वतः दारात आल्या. "शेलारमामा, पुढच्या महिन्यात योजनेचे साहेब येणार हायत. गावातला सगळ्यात मोठा पेशंट कोण इचारतील. तुमचं नाव यंत्रात नसंल तर गावाची काय शोभा? उद्या सकाळी या."

नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव गोठ्याच्या मागे गेले. बरोबर पाट्यावरचा वरवंटा नेला होता. धोतर वर केलं, डोळे मिटले आणि गुडघ्यावर वरवंटा हाणला. पहिला फटका अंदाज घेण्यापुरता. दुसरा जरा मनापासून. तिसऱ्याला तोंडून जो आवाज निघाला तो इतक्या वर्षांत एकाही लग्नात निघाला नव्हता.

"काय कुटताय वो मागं?" मालनबाई पाण्याची कळशी उतरवत ओरडल्या.

"काय न्हाई!"

उपकेंद्राकडे जाताना सर्जेराव खरंच लंगडत होते. लंगडताना त्यांच्या लक्षात आलं की आजवर आपण चुकीच्या बाजूला झुकत होतो. खरं दुखतं तेव्हा माणूस दुसरीकडे कलतो. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं आणि गावाबद्दल थोडा आदरही कमी झाला.

ओसरी भरली होती. गावातल्या सगळ्यात मोठ्या पेशंटची तपासणी म्हणून लोक कामं टाकून आले होते. निळी खुर्चीही आली होती. तनुजा मात्र गालाला हात लावून उभी होती.

"काय झालं गं ताई?" सरपंचबाईंनी विचारलं.

"अक्कलदाढ. रात्रभर झोप नाही. आता पंचाईत अशी की रोज सकाळी यंत्राला शून्य लावावं लागतं. हवेतला ओलावा, पत्र्याचं छप्पर, विजेच्या तारा यांच्यामुळे पट्ट्यात खरखर येते ना, ती वजा करायची. त्याला काहीच दुखत नसलेलं माणूस दाखवावं लागतं. रोज मीच पट्टा बांधते. आज माझी दाढ शून्य धरली तर सगळं गाव चुकेल."

ओसरीवर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीच दुखत नसलेलं माणूस. मग सगळ्यांची नजर एकाच जागी गेली.

"मालनकाकू," तनुजा म्हणाली, "पाच मिनिटं बसता का?"

"मला नगं बाई. मी ह्यांच्यासंगं आलीया."

"यंत्राला निरोगी माणूस लागतं. तुमच्याशिवाय गावात आहे कोण?"

मालनबाई लाजत लाजत बसल्या. तनुजाने त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत पट्टा बांधला आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "सर, शून्य लावतेय. सुरू करू?"

"करा," डॉक्टर चहाचा कप उचलत म्हणाले.

तनुजाने बटण दाबलं.

कप खाली पडल्याचा आवाज आला. मग पडद्यावर डॉक्टरच दिसेनात, नुसती रिकामी खुर्ची गोल फिरत होती. मग टेबलाच्या कडेवर एक हात आला, त्यामागून डॉक्टरांचं पांढरंफटक तोंड वर आलं.

"कुणाला... कुणाला बांधलाय पट्टा?"

"सर, मालनकाकू. निरोगी आहेत. शून्यासाठी."

"शून्य? अहो, शून्य काय?" डॉक्टरांनी एक हात छातीवर दाबून धरला होता. "कंबर मोडलीय. दोन्ही खांदे भरून आलेत. डाव्या टाचेत काहीतरी आहे. अंगठा ठणकतोय. आणि हे... हे छातीत मधोमध काय आहे? मावशी, हे कधीपासून?"

"काय न्हाई वो," मालनबाई संकोचाने म्हणाल्या. "पित्त हाय. चार दिस झाले. आज पानी आनताना जरा जास्त झालं."

"डाव्या हातात ओढ आहे?"

"आसंल."

"जबड्याखाली?"

"त्ये दात हुतील."

डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. घाबरा गेला, कामाचा आला. "तनुजा, ईसीजी लावा. आत्ता. बाकी सगळं राहू दे."

ईसीजीची रेघ पडद्यावर आली. तनुजा तिच्याकडे बघत राहिली आणि तिचा हात गालावरून आपोआप खाली आला.

"हृदयाला रक्त नेणारी नळी बंद होत चाललीय," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचे आणि डाव्या हाताचे तंतू एकाच ठिकाणी कण्यात शिरतात, म्हणून हात दुखतो. गोळ्या चावून खायला द्या. मी पलीकडच्या धक्क्यावर रुग्णवाहिका पाठवतो. मावशींनी एक पाऊलही चालायचं नाही. लाँच कुठे आहे?"

लाँच खाली होती. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटलं होतं. गावापासून काठापर्यंत आधी उतार, मग भेगाळलेल्या गाळाचा लांबच लांब पट्टा. स्ट्रेचर होतं, ते उचलायला चार धडधाकट माणसं नव्हती. बाबू विचारे कालच मुंबईला परत गेला होता. ओसरीवर होत्या बायका, पोलीस पाटील धरून चार म्हातारे, आणि सर्जेराव.

"मी चालत जाते की," मालनबाई उठायला लागल्या. "एवढं काय त्यात?"

"बस खाली!" सर्जेराव ओरडले.

एवढ्या मोठ्याने ते कधी बायकोवर ओरडले नव्हते. ते स्वतः उभे होते. दोन्ही पायांवर सरळ उभे होते, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांनी निळी खुर्ची ओढली, बायकोला तीत बसवलं आणि पोलीस पाटलांना म्हणाले, "मागनं धर."

उतारावर गावाने जे पाहिलं ते पुढे कित्येक दिवस सांगितलं गेलं. पुढे सर्जेराव, मागे धापा टाकणारे पोलीस पाटील, मध्ये खुर्चीत बसलेल्या मालनबाई, त्यांच्या पाठीला पट्टा, बाजूने पिशवी घेऊन पळणारी तनुजा, आणि मागून सगळं गाव.

"मामा, गुडघा!" कुणीतरी काळजीने ओरडलं.

"मेला गुडघा!" सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

गाळात खुर्चीचे पाय रुतले. पोलीस पाटील बसलेच. सर्जेराव वळले, खाली वाकले आणि माथाडी पोत्याखाली जसा शिरतो तसे शिरून त्यांनी मालनबाईंना पाठीवर घेतलं. पोत्याला तोंड नसतं. मालनबाईंना होतं.

"आवं, हळू. लोक बगत्यात."

"बगू दे."

"गुडघा दुखंल."

सर्जेराव गाळ तुडवत राहिले. त्यांना तो आवाज अगदी कानाजवळ ऐकू आला होता, आणि का कोण जाणे, त्यात हसू असल्यासारखं वाटलं.

*

लाँच सुटली. डॉक्टर तनुजाच्या हातातल्या छोट्या पडद्यावर होते, घामाने भिजलेले.

"तनुजा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्या. सावकाश. त्यानंतर छातीतलं दुखणं उतरायला लागलं पाहिजे. उतरलं नाही तर दुसरं औषध द्यावं लागेल. ते मला इथे समजेलच, मी जाकीट काढत नाही."

"डॉक्टर," सर्जेराव पुढे झुकून म्हणाले, "आत्ता कसं वाटतंय?"

"त्यांना विचारा ना, काका."

"तिला इचारून काय उपेग? तुमास्नी कसं वाटतंय?"

"वाईट," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात लाँच डोंगराच्या कड्याआड शिरली आणि पडदा काळा झाला.

"रेंज गेली," लाँचवाला म्हणाला. "मोठं वळण संपेपर्यंत यायची न्हाई."

तनुजाने मालनबाईंच्या हाताच्या शिरेत सुई घातलेली होती. तिचे दोन्ही हात अडकलेले. इंजिनच्या हादऱ्यांनी ईसीजीची रेघ वेडीवाकडी नाचत होती. "काकू, छातीत कमी वाटतंय का?"

"मला काय हुतंय?" राखेसारख्या तोंडाने मालनबाई म्हणाल्या.

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माझ्या पिशवीत शिकण्याचं जाकीट आहे, आम्हाला सरावाला दिलेलं. ते रेंज नसलं तरी पट्ट्याशी जोडलं जातं. घाला, आणि काय वाटतंय ते मला सांगत राहा."

सर्जेरावांनी जाकीट चढवलं, बटण दाबलं, आणि ते लाँचच्या फळीवर बसलेच.

आधी त्यांना कंबर समजली. ती एका जागी नव्हती, पाण्याच्या कळशीच्या आकाराची होती. मग खांदे. मग टाच, अंगठा, मनगटातली एक जुनी चमक. त्या सगळ्याच्या वर, छातीवर, कुणीतरी पाटा ठेवून त्यावर बसल्यासारखं.

"हे..." ते म्हणाले, "हे दहावा हिस्सा?"

"हो काका. सांगा, छातीत काय?"

सर्जेराव शेलारांनी आयुष्यभर एका दुखण्याचं वर्णन केलं होतं. वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे, वेगवेगळ्या शब्दांत. दुखण्याचे जेवढे म्हणून शब्द होते ते सगळे त्यांच्यापाशी घासूनपुसून तयार होते. आज पहिल्यांदा त्या शब्दांना काम मिळालं.

"दाब हाय. मधोमध, तळहाताएवढा. पिळल्यावानी, थांबून थांबून न्हाई, एकसारखा. डाव्या दंडात आतल्या बाजूनं वढ. जबड्याखाली जड, पर ठणका न्हाई."

"आता?"

"तसंच."

"आता?"

"तसंच. न्हाई, थांब. दंडातली वढ कोपरापातूर आली. खाली सरकतीया. आता मनगटात. गेली." त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "पीळ सुटतोय. तळहाताएवढा हुता, आता रुपयाएवढा हाय. जबडा मोकळा झाला. ताई, मला बरं वाटतंय! लई बरं वाटतंय!"

ते रडत होते आणि हसत होते. लाँचवाल्याने वळून पाहिलं. खरा पेशंट कोण, ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

कडा संपला, पडदा उजळला. डॉक्टर जाकिटाच्या आत हात घालून छाती चोळत होते. "कमी झालंय!" ते ओरडले. "काका, मला बरं वाटतंय!"

"मला बी!" सर्जेराव ओरडले.

"मला तर काय झालंच नव्हतं," मालनबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, डोळे मिटून पुटपुटल्या, "पर आता बरं वाटतंय खरं."

*

मोठ्या इस्पितळात मालनबाईंच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. दोन दिवसांनी त्या उशीला टेकून बसल्या आणि पेज पिऊ लागल्या. सर्जेराव खाटेशेजारी स्टुलावर. पाय लांब करायला जागा होती, पण त्यांनी केला नव्हता.

"मालन."

"काय?"

"माझा गुडघा..."

"व्हय."

"त्यो काय तेवढा..."

"ठाव हाय मला."

सर्जेरावांनी मान वर केली. "कधीपास्नं?"

"पयल्या दिवाळीपास्नं. मांजर दुधाशी गेलं तवा तुमी उडी मारून उठला हुता. डाव्या पायावर नव्हं, उजव्या."

"मग बोलली का न्हाईस?"

मालनबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "शेजारच्या यशोदीचा नवरा मुंबईला. वरच्या आळीतल्या शांतेचा मुंबईला. गणपतीला यायचं, शिमग्याला यायचं, पोरं बापाला मामा म्हनायची. मी बोलले आसते तर तुमी बी गेला आसता."

सर्जेरावांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. वाशीच्या बाजारातली ती खोली त्यांना आठवली. पाळीपाळीने झोपणारी माणसं, आणि परत जायला उरलेले, त्या गणपतीत बोटांवर मोजलेले दिवस. मर्दाने बायको-पोरीसाठी गावात राहतो असं म्हणणं त्या काळी जमत नव्हतं. गुडघा दुखतो म्हणणं जमत होतं.

"मला जायचंच नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"मला तरी कुठं घालवायचं हुतं?" मालनबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी पुन्हा उचलली, दोन घोट घेतले आणि नवऱ्याकडे पाहिलं. "पर एक सांगा. गावात ऱ्हायाला गुडघा लागत हुता, कबूल. पानी न भरायला काय लागत हुतं?"

सर्जेराव स्टुलावर जरा मागे सरकले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जी झोपली आहे असं दोघांना वाटत होतं, ती डोळे न उघडता म्हणाली, "त्येच म्हनते मी."

*

लाँचमधली गोष्ट गावभर झाली आणि कळपेटीचा उपयोग बदलला. तपासण्या आटोपल्या की बायका तनुजाकडे शिकण्याचं जाकीट मागू लागल्या. सुट्टीवर आलेला नवरा, निवृत्त सासरा, कट्ट्यावरचा दीर, जो कुणी "निमित्त काढती, दुसरं काय" असं म्हणाला असेल त्याला धरून आणायचं, जाकीट चढवायचं आणि स्वतः पट्टा बांधून बसायचं. पोलीस पाटील आत गेले ते मिशा पिळत, बाहेर आले ते थेट झऱ्यावर गेले. तनुजाने सातारला कळवलं की यंत्राचा असा वापर नियमात बसत नाही. डॉक्टर मुजावरांनी उत्तर पाठवलं की नियमात बसत नाही हे खरं, पण गेल्या दोन आठवड्यांत जांभूळमुऱ्याच्या कंबरा माझ्या अंगात बऱ्याच हलक्या आल्या आहेत, तेव्हा सध्या नियम वाचायला मला वेळ नाही.

योजनेचे साहेब आले तेव्हा सर्जेराव कावड घेऊन चढ चढत होते. साहेबांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या पेशंटला भेटायची इच्छा दाखवली. सरपंचबाईंनी जरा घसा साफ केला आणि त्यांना उपकेंद्रात मालनबाईंकडे नेलं.

त्याच दिवशी मालनबाईंची तपासणी होती. ओसरीवर रांग लागलेली. डॉक्टरांनी पलीकडे जाकीट घातलं, डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं.

"उत्तम, मावशी! छातीत काही नाही. कंबर निम्म्यावर आलीय. टाचेचं मी औषध लिहून देतो. झालं, तुम्ही जाऊ शकता."

मालनबाई उठल्या नाहीत.

"मावशी, झालं. मला सगळं समजलं. तुम्हाला काही सांगायची गरजच नाही."

"तुमास्नी समजलं, त्ये ब्येस झालं," मालनबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला आणि खुर्चीत नीट, ऐसपैस बसल्या. "पर मला सांगायचंय."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

"सांगा," डॉक्टर म्हणाले.

मालनबाईंनी सुरुवात केली. लग्न होऊन आल्या त्या वर्षी मानेत भरलेली उसण, ती कुठल्या भाऱ्याने भरली, तेव्हा सासू काय म्हणाली. पहिल्या बाळंतपणानंतर ओटीपोटात राहिलेली रग. उजव्या कानशिलात थंडीच्या दिवसांत उठणारी सणक. त्या सावकाश सांगत होत्या; कुठला शब्द गाळत नव्हत्या. रांगेतल्या बायका उठून दाराशी येऊन ऐकू लागल्या. सर्जेराव कावड टेकवून खिडकीत उभे राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी थंड झालेल्या चहाचा घोट घेतला आणि अदबीने विचारलं, "मावशी, अजून बरंच आहे का?"

"बसा निवांत, डाक्टर," मालनबाई म्हणाल्या. "आत्ताशी खांद्यापातूर आलीया."